'तिथे पॉलिटिक्स फार आहे!'

परवा रात्री जेवताना आमच्या जावयांनी निकाल देऊन टाकला. "आई, ते कॉलेज नको. तिथे पॉलिटिक्स फार आहे."

विषय होता नातीच्या प्रवेशाचा. बारावी झालीय, गुण चांगले आहेत, अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करायचं म्हणतेय. (बी.ए. म्हटल्यावर घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं वातावरण होतं, पण ते पुन्हा कधीतरी.) दोन कॉलेजं समोर आहेत. एक जुनं, अनुदानित, दगडी इमारतीचं. फाटकावर कुठल्या ना कुठल्या विद्यार्थी संघटनेचा फलक, कधी फीवाढीविरुद्ध निवेदन, कधी कुणाची जयंती, कधी दोन गटांची बाचाबाची. दुसरं नवं, काचेचं. मुलांना गणवेश, आत जाताना अंगठा लावायचा, तास बुडवला की बापाच्या मोबाइलवर निरोप. तिथे फलक नाही, घोषणा नाही, आवाजच नाही. जावयांना तो शांतपणा आवडला.

मी तेव्हा काही बोलले नाही. ताटावर वाद घालू नये असं आमच्या आईचं सांगणं होतं. पण रात्री झोप आली नाही. कारण 'तिथे पॉलिटिक्स फार आहे' हे वाक्य मी स्वतः पस्तीस वर्षं उच्चारलं आहे. शाळेत दहावीच्या वर्गाला शिकवायचे, निकाल लागला की पालक पेढे घेऊन यायचे आणि विचारायचे, "बाई, आता पुढं कुठं घालू?" मी चष्मा सारखा करून सांगायचे, "अमुक कॉलेजात घाला. तमुक ठिकाणी नको, तिथे राजकारण चालतं." पालक मान डोलवायचे. बाईंनी सांगितलं म्हणजे झालं!

आज मला वाटतं की तो सल्ला चुकीचा होता. नुसता अपुरा नव्हे, चुकीचा. का ते सांगते.

आधी माझीच गोष्ट. मी १९७१ साली बी.ए.ला होते, जिल्ह्याच्या गावी. कॉलेजात मुलगे आठशेच्या वर आणि आम्ही मुली त्रेचाळीस. जिना चढून गेलं की कोपऱ्यात 'लेडीज रूम' नावाची एक अंधारी खोली. दाराला आतून कडी नव्हती. आणि आम्हा त्रेचाळीस जणींसाठी अख्ख्या आवारात एकही स्वच्छतागृह नव्हतं. (हा शब्दही तेव्हा नव्हता. जो होता तो उच्चारायची लाज वाटायची.) सकाळी सातला घरून निघालेली मुलगी दुपारी दोनला घरी पोहोचेपर्यंत पाणी पीत नसे. महिन्यातले चार दिवस निम्म्या मुली यायच्याच नाहीत. मग तास बुडायचे, वह्या अपुऱ्या राहायच्या, आणि प्राध्यापक म्हणायचे, "मुलींचं अभ्यासात लक्ष नसतं."

त्या वर्षी मी 'एल.आर.'ला उभी राहिले. म्हणजे लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह. कुणी तरी हौशी मुलाने माझं नाव एस.टी. स्टँडजवळच्या भिंतीवर चुन्याने हातभर अक्षरांत रंगवलं. वडील बाजाराला आले होते, एस.टी.तून उतरले आणि समोर लेकीचं नाव! दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाले, "शिकायला पाठवली होती, भिंतीवर चढायला नव्हे." कॉलेज सुटायची वेळ आली होती. आईने कशीबशी समजूत घातली.

निवडून आले. सव्वीस विरुद्ध पंधरा, दोघी गैरहजर. प्राचार्यांकडे अर्ज घेऊन गेले. ते भले गृहस्थ होते, पण म्हणाले, "अनुदान आलं की बघू." मग आम्ही एक केलं. मधल्या सुट्टीत चाळीसजणी त्यांच्या कचेरीबाहेरच्या व्हरांड्यात बसायला लागलो. घोषणा नाही, काही नाही. मांडीवर पुस्तकं उघडून वाचत बसायचं आणि घंटा झाली की वर्गात जायचं. आठ दिवस! नवव्या दिवशी जिमखान्याच्या मागे पत्र्याचे आडोसे ठोकायला माणूस आला. पुढच्या वर्षी पक्कं बांधकाम झालं, आणि लेडीज रूमला कडी बसली.

आता मला सांगा, हे राजकारण की शिक्षण? त्या पत्र्याच्या दोन आडोशांनी आमच्या हजेरीत जो फरक पडला तो कुठल्याही गाईडने पडला नसता. आमच्यातल्या किती तरी जणी त्यामुळेच बी.ए. झाल्या. आणि हेही सांगते की देशाच्या निवडणुकीत मत द्यायला तेव्हा एकवीस वर्षं पूर्ण लागायची. म्हणजे देशाला मत देण्याआधी मी मतं मागून बसले होते! मागण्याचं आणि मिळवल्यावर त्याचा हिशेब देण्याचं शिक्षण मला नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून नाही मिळालं.

पण मी एकच बाजू सांगितली तर मास्तरकीला बट्टा लागेल. दुसरी बाजूही त्याच वर्षी, त्याच कॉलेजात पाहिली. जी.एस. निवडायचा तो वर्गप्रतिनिधींनी. मतदानाच्या आधी तीन दिवस अकरा वर्गप्रतिनिधी गायब! जीपमध्ये घालून पन्हाळ्याला नेऊन ठेवले होते. मटणाच्या पंगती झाल्या, परतल्यावर हाणामारी झाली, एका मुलाचे पुढचे दोन दात गेले. माझ्या वर्गातला एक हुशार मुलगा त्या जीपमागे जो लागला तो परीक्षेला बसलाच नाही. पुढे आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या मागे झेंडा धरून फिरला. आमच्या निवडणुका अशा होत्या, यात रंगवून सांगण्यासारखं काही नाही.

आणि यापेक्षा फार वाईटही घडलं. १९८९ साली मुंबईत कॉलेजच्या निवडणुकांच्या काळात ओवेन डिसोझा या विद्यार्थ्याचा खून झाला. २००६ साली उज्जैनच्या माधव कॉलेजात विद्यार्थी निवडणुकीच्या गोंधळात प्राध्यापक सभरवाल जिवाला मुकले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली झाला आणि नामविस्तार व्हायला १९९४ चा जानेवारी उजाडला. मधल्या काळात दलितांची घरं जळाली, माणसं मेली. त्या लढ्यात नामांतरासाठी तुरुंगात जाणारे विद्यार्थी होते तसे विरोधात मोर्चे काढणारेही विद्यार्थीच होते. तेव्हा तरुण म्हणजे न्यायाच्या बाजूचे, असं काही समीकरण नाही. हे सगळं मला ठाऊक आहे. म्हणूनच तर मी पस्तीस वर्षं पालकांना 'नको' म्हणत आले.

मग माझं मत कशाने बदललं?

आपल्याकडे या रोगावर औषध काय दिलं ते बघा. डिसोझाच्या खुनानंतर काही वर्षांत कॉलेजातल्या थेट निवडणुका बंद झाल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने वर्गात पहिल्या येणाऱ्याला वर्गप्रतिनिधी करून टाकलं. म्हणजे मुलांनी निवडायचं नाही, गुणपत्रिकेने निवडायचं! मी शिक्षिका आहे, पहिल्या येणाऱ्या मुलांवर माझा जीव आहे. पण पहिला येणारा मुलगा संडासात पाणी नाही म्हणून प्राचार्यांच्या दारात उभा राहील, याची खात्री मला नाही. त्याला अंतर्गत गुणांची काळजी असते बिचाऱ्याला. आणि तो उभा नाही राहिला तर मागची मुलं त्याला पुढच्या वर्षी घरी बसवू शकत नाहीत, कारण त्यांनी त्याला बसवलेलंच नसतं.

योगायोग असा की त्याच १९८९ साली घटनेत दुरुस्ती होऊन मतदानाचं वय एकवीसवरून अठरा झालं. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलीने पंतप्रधान कोण व्हावा यात भाग घ्यायचा, पण वर्गाचा प्रतिनिधी निवडायची अक्कल मात्र तिला नाही! २००६ साली लिंगडोह समितीने निवडणुका कशा घ्याव्यात याचे साधे नियम घालून दिले. उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत, पंच्याहत्तर टक्के हजेरी, गुन्ह्याची नोंद नको, छापील पोस्टर नको. सर्वोच्च न्यायालयाने ते लागू करायला सांगितलं. आपल्याकडे २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात निवडणुका परत आल्या खऱ्या, पण कागदावर. २०१९ साली घेणार घेणार म्हणता विधानसभेच्या निवडणुका आल्या, पूर आला, आणि त्या पुढे ढकलल्या. म्हणजे मोठ्यांच्या निवडणुकीसाठी पोरांची निवडणूक बाजूला. यातच सगळं आलं.

बरं, पोरांचं राजकारण बंद केल्यावर कॉलेजं राजकारणमुक्त झाली का? मी सांगली जिल्ह्यातली. १९८३ साली आमच्याच जिल्ह्याचे वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. त्यातून खेड्यापाड्यातली मुलं इंजिनिअर झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. परराज्यात देणगी भरून जाण्यापेक्षा ते बरंच झालं. पण त्याच वाटेने 'शिक्षणसम्राट' हा शब्दही मराठीत आला. आज कुठल्याही तालुक्याला जा. कॉलेजच्या कमानीवर बघा, पत्रिकेवर बघा, संमेलनाच्या पाहुण्यांत बघा. अध्यक्ष कोण, उपाध्यक्ष कोण, सचिव कुणाचे मेहुणे? निवडणुकीच्या दिवसांत कॉलेजच्या बसगाड्या सभेला माणसं वाहताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. आणि याच कॉलेजांच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं, 'राजकारणमुक्त परिसर'!

शिक्षकांना राजकारण आहे. माध्यमिक शाळेच्या आम्हा शिक्षकांना विधान परिषदेसाठी मत असतं, शिक्षकांचे सात आमदार वेगळे निवडले जातात. मीही मत द्यायला रांगेत उभी राहायचे. पदवीधरांना राजकारण आहे, त्यांचेही सात आमदार आहेत, शिवाय सिनेटच्या जागा. संस्थाचालकांना तर विचारायलाच नको. एवढ्या सगळ्यांत ज्याच्या फीवर आणि ज्याच्या नावाने हे चालतं त्या विद्यार्थ्याला मात्र आपण सांगतो, "बाळ, तू राजकारणात पडू नकोस. तू अभ्यास कर."

तेव्हा 'तिथे राजकारण आहे का' हा प्रश्नच खोटा आहे. राजकारण सगळीकडे आहे. प्रश्न असा विचारायला हवा की तिथे राजकारण कुणाचं आहे, आणि त्यात आपल्या मुलीला तोंड उघडता येतं का?

हे मला कळायला फार उशीर लागला, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणी तरी दिली. माझी एक विद्यार्थिनी होती. वडील एस.टी.त कंडक्टर. मुलगी गणितात अशी की मी मराठीची शिक्षिका असूनही तिची उत्तरपत्रिका स्टाफरूममध्ये हातोहात फिरताना पाहिली आहे. २००८ साली तिची बारावी झाली. वडील सल्ल्याला आले. मी नेहमीप्रमाणे चष्मा सारखा केला आणि एका नव्या, शांत, 'राजकारण नसलेल्या' इंजिनिअरिंग कॉलेजचं नाव सांगितलं. त्यांनी पहिल्या फेरीत तिथे प्रवेश घेतला, मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला जमा केला. पुढच्या फेरीत मुलीला सरकारी कॉलेजात जागा मिळाली. हे कागद परत मागायला गेले तर खिडकीवर उत्तर मिळालं, आधी चारही वर्षांची फी भरा, मग कागद घेऊन जा.

बाप तीन दिवस त्या काचेच्या इमारतीत फेऱ्या मारत होता. आत शेकडो मुलं होती. एकानेही विचारलं नाही की काका, काय झालं? विचारायला तिथे कुणी नव्हतंच. विद्यार्थ्यांचा कुणी प्रतिनिधी नाही, फलक नाही, चार पोरं एकत्र दिसली की पहारेकरी हटकायचा. तिसऱ्या दिवशी मुदत संपली आणि सरकारी जागा गेली. मुलगी त्याच कॉलेजात शिकली. एका वर्षात एकाच विषयाला तीन शिक्षक बदलले, प्रयोगशाळेतलं यंत्र पूजेपुरतं उघडायचं, आणि वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून फी भरली. पुढे ती आपल्या हिमतीवर नोकरीला लागली, ठीक चाललं आहे. पण त्या जुलैमध्ये वडील माझ्या दारात उभे होते. रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "बाई, तुम्हीच सांगितलं होतं, तिथं राजकारण नाही."

ते वाक्य अजून कानात आहे.

मूळ कागदपत्रं अशी अडकवून ठेवता येणार नाहीत असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली बजावलं. चांगलं झालं. पण नियम कागदावर असतो. खिडकीवरच्या माणसाला तो वाचून दाखवणारं कुणी तरी लागतं. आठ-दहा पोरं मागे उभी असली की तो नियम खिडकीतल्या माणसाला लवकर आठवतो, एकटा बाप उभा असला की आठवत नाही. ही गोष्ट मी स्वानुभवाने सांगते.

कुणी म्हणेल, बाई, तुम्ही अभ्यासाचं काहीच बोलत नाही. बोलते ना! लोकांचा समज असा की तराजूच्या एका पारड्यात अभ्यास आणि दुसऱ्यात राजकारण. एक वर गेलं की दुसरं खाली. हा समज किती पोकळ आहे ते दिल्लीच्या जे.एन.यू.कडे बघून कळतं. टीव्हीवर सगळ्यात जास्त गाजलेलं आवार तेच. त्यांच्या सगळ्या घोषणा मला पटतात असं मुळीच नाही, काही तर ऐकवत नाहीत. २०२० च्या जानेवारीत तोंडं बांधलेल्या टोळक्याने तिथल्या वसतिगृहांत शिरून मुलामुलींना आणि शिक्षकांना मारलं. तरी सरकारच्याच एनआयआरएफच्या क्रमवारीत ते विद्यापीठांच्या यादीत २०१७ पासून वर्षानुवर्षं दुसऱ्या क्रमांकावर आहे, त्या २०२० सालीसुद्धा. मी काही क्रमवारीची भक्त नाही. पण तुम्ही पालक मंडळी क्रमवारीचीच पानं उलटता, म्हणून तुमच्याच पुराव्याने बोलते.

उलट बाजूही बघा. कोलकात्याचं जादवपूर विद्यापीठ अभ्यासातही नावाजलेलं आणि विद्यार्थी चळवळीतही. तिथे २०२३ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या वर्षाचा एक मुलगा वसतिगृहाच्या इमारतीवरून पडून गेला, आणि रॅगिंगच्या आरोपावरून आजी-माजी विद्यार्थ्यांना अटक झाली. म्हणजे घोषणा देणाऱ्यांच्या आवारातही दुबळ्या पोराला वाली असेलच असं नाही. चळवळ असली म्हणून मुलगा सुरक्षित, हेही म्हणता येत नाही. फलक मोजून कॉलेज निवडू नका, तसं फलक नाहीत म्हणूनही निवडू नका.

माझं म्हणणं एवढंच की चांगला अभ्यास आणि प्रश्न विचारायची मोकळीक ही एकाच झाडाची फळं आहेत. वर्गात "सर, हे मला पटलं नाही" म्हणता येत नाही तिथे अर्थशास्त्र शिकवलं जात नाही, ते फळ्यावरून वहीत उतरवलं जातं. आणि 'सर, पटलं नाही' म्हणणारी मुलगी आज ना उद्या 'वाचनालय पाचला का बंद होतं' हेही विचारणारच. पहिला प्रश्न चालतो पण दुसरा चालत नाही, असं कॉलेज मी तरी पाहिलेलं नाही. आगरकरांच्या हयातीत त्यांची प्रेतयात्रा काढली या पुण्याने, आणि तेच आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्याच फर्ग्युसनच्या वसतिगृहातून सावरकरांना १९०५ साली परदेशी कपड्यांच्या होळीपायी काढलं, वर दहा रुपये दंड केला. आज भिंतीवर दोघांचेही फोटो लावायला आपण तयार असतो. आपली पोरगी मात्र त्यांच्यासारखी नको, शेजारच्यांकडे जन्मावी!

मग कॉलेज बघायचं कसं? मास्तरीण आहे, उपदेश केल्याशिवाय राहवत नाही. ऐका.

प्रवेशाच्या खिडकीवर काही विचारू नका, तिथे गोडच बोलतात. फाटकाबाहेर चहाची टपरी असते, तिथे शेवटच्या वर्षाची मुलं गाठा. त्यांना विचारा की शेवटची तक्रार तुम्ही कधी केली आणि पुढे काय झालं? 'काही झालं नाही' हे उत्तर वाईट. 'तक्रार कुठे करायची माहीत नाही' हे त्याहून वाईट.

वाचनालयात जा. जुन्या पद्धतीचं असेल तर चार पुस्तकं काढून मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघा. शेवटचा शिक्का दहा वर्षांपूर्वीचा असेल तर इमारत कितीही काचेची असो, परत फिरा. 'प्रवेश घेतल्यावर वाचनालय दाखवू' म्हणाले तरी परत फिरा.

विचारा की कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती. तासाला पैसे मिळणारा शिक्षक या कॉलेजातून त्या कॉलेजात धावतो. तो बिचारा मुलांच्या बाजूने काय बोलणार, त्यालाच पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची धास्ती! शिक्षक भीतभीत जगत असेल तर विद्यार्थी निर्भय कसा होईल?

तक्रार निवारण समितीत विद्यार्थी कोण आहे ते विचारा. २०२३ च्या नियमांप्रमाणे तिथे एक विद्यार्थी असतो, तोही 'विशेष निमंत्रित', गुणवत्ता बघून नेमलेला. मुलींच्या छळाच्या तक्रारींसाठी जी अंतर्गत समिती असते तिच्याबाबत २०१५ चे नियम बरे आहेत. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत तीन विद्यार्थी हवेत आणि तेही निवडून आलेले. मुलीच्या बापाने निदान एवढं तरी विचारावं. त्या तिघांची नावं कॉलेजातल्या मुलींना ठाऊक नसतील, तर ती समिती फक्त 'नॅक'वाल्यांना दाखवायला आहे असं समजा. आणि त्या 'नॅक'च्या अक्षरांवरही डोळे मिटून जाऊ नका. तपासणी पथकातल्याच लोकांना लाचेच्या आरोपाखाली सीबीआयने २०२५ च्या फेब्रुवारीत अटक केली होती.

आणि राजकारण असेल तर ते कसलं आहे तेही बघा. फाटकावर मुलांच्या मागणीचा कागद आहे की बाहेरच्या नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स? वसतिगृहाच्या खोल्या कोण वाटतं, रेक्टर की 'दादा'? गैरहजेरी लावताना शिक्षकाचा हात थरथरतो का? यातलं काही दिसलं तर ते मुलांचं राजकारण नव्हे, मोठ्यांनी मुलांच्या खांद्यावर ठेवलेली बंदूक आहे. अशा ठिकाणी मीही नातीला पाठवणार नाही. शांतता असो वा गोंगाट, कसोटी एकच. तिथे साध्या घरातली, कुणाची कुणी नसलेली मुलगी आपलं म्हणणं मांडू शकते का, आणि त्यापायी तिचे गुण जाणार नाहीत ना?

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी जावयांना सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आई, तुमचा काळ वेगळा होता." मी म्हटलं, "वेगळा होता खरा. आमच्या वेळी वाईट राजकारण उघड्यावर तरी होतं."

नात मात्र उठली आणि मैत्रिणीला घेऊन दोन्ही कॉलेजं बघून आली. काचेच्या कॉलेजात पहारेकऱ्याने दिवाणखान्यापलीकडे सोडलं नाही. एका बाईंनी कॉफी दिली, चकचकीत पुस्तिका दिली आणि वडिलांचा नंबर लिहून घेतला. जुन्या कॉलेजात वाचनालयातले गृहस्थ आधी खेकसले, मग म्हणाले, "बघ जा, पण पुस्तकं होती तिथं ठेव." अर्थशास्त्राच्या कपाटात गेल्या महिन्याचे शिक्के होते. टपरीवर दोन मुलं भेटली, दोन वेगवेगळ्या संघटनांची. तिला माहिती द्यायची सोडून आपसातच भांडत बसली.

घरी आली आणि नाक मुरडत म्हणाली, "आजी, सगळं ठीक आहे गं. पण तिथली मुलींची संडासं फार घाण आहेत."

मी म्हटलं, "मग पहिल्या वर्षाचं काम ठरलं."

जावई अजून विचार करताहेत. फॉर्म भरायची मुदत शनिवारपर्यंत आहे.